कार्पल टनेलचं ऑपरेशन झालंय? मग या चुका टाळा

माझ्या दोन्ही मनगटांचं ऑपरेशन झालंय. आधी उजव्या, आठ महिन्यांनी डाव्या. तेव्हापासून ओळखीत कुणाचं हे ऑपरेशन ठरलं की मला फोन येतो. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा येतो, तेव्हा तक्रारी त्याच असतात: बोटं आखडलीत, तळहात ठणकतोय, दुसरा हातही दुखायला लागलाय. यातलं बरंचसं टाळता येतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

घात होतो तो 'छोटंसं ऑपरेशन' या शब्दाने. बहुतेक वेळा भूल फक्त हातापुरती, पंधरा-वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. पण तेवढ्या वेळात काय होतं ते बघा. मनगटाच्या हाडांवर एक जाड पट्टा ताणलेला असतो. त्याच्याखालच्या अरुंद बोगद्यातून, म्हणजेच कार्पल टनेलमधून, बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) आणि एक मोठी नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. ती नस दबली की अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, रात्री मुंग्यांनी जाग येते. सर्जन तो पट्टा कापून नसेला जागा करून देतात. वरचे टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात, पण आतला कापलेला पट्टा भरून यायला कितीतरी आठवडे लागतात आणि पकडीत पहिली ताकद यायला काही महिने.

माझ्याकडून पहिल्या वेळी नेमकी इथेच चूक झाली. बाराव्या दिवशी टाके निघाले. जखम कोरडी, दुखणं जवळजवळ नाही, रात्रीच्या मुंग्या तर ऑपरेशनच्या दुसऱ्याच रात्रीपासून थांबलेल्या. दोन दिवसांनी बादलीत भिजलेली चादर दिसली. घरात कुणी नव्हतं. डाव्या हाताने एक टोक धरलं, उजव्याने दुसरं, आणि पीळ दिला. दुसऱ्या पिळाला अंगठ्याच्या उंचवट्याखाली, तळहाताच्या बुडाशी, आत काहीतरी उसवल्यासारखी कळ गेली आणि चादर हातातून सुटली. संध्याकाळपर्यंत तळहात फुगला. व्रणाच्या खालच्या टोकाला बारीक फट पडली होती, त्यातून पाणी येत होतं. पुन्हा पट्टी, पुन्हा हात उशीवर, आणि तीन आठवडे वाया.

तेव्हापासून सगळ्यांना सांगते: टाके निघाले तरी हात बरा झाला असं धरू नका. पहिले दोन आठवडे चमचा, पेला, पुस्तकाचं पान, एवढंच. पुढे सहा आठवडे होईपर्यंत पिळणं, ओढणं, ढकलणं, घट्ट झाकणं उघडणं बंद. खुर्चीतून उठताना तळहात टेकवून भार देणंही यातच येतं, आणि ते सगळे विसरतात. तुमच्या सर्जननी वेगळी मुदत दिली असेल तर तीच पाळा. तळहाताच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दाबल्यावर दुखत राहतं, काहींचं ते काही महिने टिकतं. त्यावरून ऑपरेशन फसलं असा निष्कर्ष काढू नका.

दुसरी चूक याच्या अगदी उलट. माझ्या मामेभावाने भीतीपोटी दहा दिवस हात गळ्यात अडकवून ठेवला, एकही बोट हलवलं नाही. पट्टी सुटली तेव्हा मधलं बोट आणि अनामिका तळहातापर्यंत पोचेनात, खांदाही धरला होता. दोन महिने फिजिओथेरपी करावी लागली. त्या नऊ कंडरा सरकत राहिल्या नाहीत तर भरून येणाऱ्या भागाला चिकटायला लागतात. म्हणून भूल उतरली की त्याच दिवसापासून बोटं पूर्ण उघडा, मग हलकी मूठ करा. मूठ आवळायची नाही. दहा वेळा, जागे असाल त्या प्रत्येक तासाला. सोबत कोपर आणि खांदाही फिरवा. मी फोनवर तासातासाचा गजर लावायचे. 'करतो की मधूनमधून' म्हणणाऱ्यांवर माझा अजिबात विश्वास नाही, मधूनमधून म्हणजे दिवसातून दोनदा होतं. पहिले दोन-तीन दिवस हात छातीच्या वर राहू द्या, झोपतानाही दोन उशांवर. खाली लोंबकळत ठेवलात की बोटं सुजणारच.

एका हाताने जगायची तालीम ऑपरेशनच्या आधीच करा. मी दुसऱ्या वेळी ज्याचं ऑपरेशन होणार त्या हातावर जाड मोजा चढवून एक अख्खा दिवस काढला. टूथपेस्टचं झाकण, पॅंटची नाडी, ब्राचा हूक, गोळ्यांची पाकिटं, सगळं कुठे अडतंय ते त्या दिवशी कळलं. संडासला गेल्यावर दुसऱ्या हाताने स्वच्छता करणं हे तर कुणी बोलतच नाही, आणि पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त अडचण त्याचीच होते. त्याचीही सवय आधी करा. बाही घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी. बाटली दोन गुडघ्यांत धरायची. ताटाखाली ओलं फडकं ठेवलं की ते सरकत नाही. घरातली रोजची झाकणं आदल्या दिवशी सैल करून ठेवा, दोन-तीन दिवसांच्या गोळ्या डबीत काढून ठेवा.

अंगठ्या घरीच काढून जा. दुखण्याची गोळी भूल पूर्ण उतरायच्या आधी घ्या, कळ चढल्यावर धावपळ नको. आंघोळीला प्लास्टिकची पिशवी बांधा, पण रबर आवळू नका, आणि पट्टी भिजलीच तर तशीच वाळू देऊ नका, बदलून घ्या. व्रणाचं मालीश जखम पूर्ण मिटल्यावरच. स्टिअरिंग घट्ट धरून अचानक ब्रेक मारता येत नाही तोवर गाडी चालवू नका.

आणि चांगल्या हाताला गाढवासारखं राबवू नका. हा आजार बऱ्याचदा दोन्ही हातांना असतो. उजवा बरा होईपर्यंत मी फोनवरचं सगळं टायपिंग डाव्या अंगठ्याने केलं आणि त्या हाताच्या मुंग्या दुपटीने वाढल्या. आता बोलून टाइप करते.

ताप, व्रणाभोवती पसरणारी लाली, पू, गोळी घेऊनही वाढणारं दुखणं, किंवा पट्टीखालची बोटं थंड आणि निळसर दिसणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

राहिला बधिरपणा. मुंग्या अनेकांच्या लवकर थांबतात, पण बराच काळ दबलेली नस सावकाश सुधारते. जिथे तिला नव्याने वाढावं लागतं, तिथे वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा, म्हणजे महिन्यांचा अंदाज येईल. फार उशिरा ऑपरेशन केलं असेल तर थोडा बधिरपणा उरतोही. मी रोज रात्री डोळे मिटून खिशात एक नाणं आणि एक बटण चाचपायचे. उजव्या तर्जनीला त्यांतला फरक पाचव्या महिन्यात कळला, बटणाच्या भोकांवरून.