जुलाबात बाळाची घरी घ्यायची काळजी पालकांना शिकवताना

लहान मुलाला जुलाब होऊ लागले की खरा धोका शरीरातले पाणी आणि क्षार कमी होण्याचा असतो, आणि ही झीज पालक घरच्या घरी बऱ्याच अंशी भरून काढू शकतात. त्यांना हे शिकवणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्याने आधी एकच प्रश्न विचारावा: मागच्या वेळी जुलाब झाले तेव्हा बाळाला काय काय दिले होते? उत्तर मध्येच न तोडता ऐकून घ्यावे आणि त्यात जे योग्य असेल त्याला आधी मनापासून दाद द्यावी, कारण चुका दाखवल्या जातील या भीतीने गप्प झालेली आई पुढे काहीच विचारत नाही.

त्यानंतर ओआरएसचे (क्षार आणि साखर असलेल्या जलसंजीवनी पुडीचे) द्रावण पालकांनाच तयार करायला लावावे. पाकिटे वेगवेगळ्या मापांची असतात. काही 1 लिटर पाण्यासाठी, तर काही 200 मिलिलिटरसाठी. त्यामुळे पाकिटावरचे माप वाचायला लावून, साबणाने हात धुऊन, तेवढ्याच पिण्याच्या स्वच्छ पाण्यात संपूर्ण पूड विरघळवून घ्यावी. मोठे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले तर द्रावणातील मिठाचे प्रमाण धोकादायक वाढते, म्हणून घरातले कोणते भांडे किती पाण्याचे आहे हे तिथेच मोजून ठरवावे. उरलेले द्रावण 24 तासांनंतर टाकून द्यावे.

दर जुलाबानंतर 2 वर्षांखालील बाळाला 50 ते 100 मिलिलिटर, तर त्याहून मोठ्या मुलाला 100 ते 200 मिलिलिटर द्रावण थोडे थोडे पाजावे. उलटी झाल्यास 10 मिनिटे थांबून चमच्याने पुन्हा सावकाश सुरू करावे. ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, ही गोष्ट आवर्जून सांगितलीच पाहिजे, नाहीतर ‘गुण येत नाही’ असे समजून पालक ते दुसऱ्याच दिवशी बंद करतात. स्तनपान आणि नेहमीचा आहार चालू ठेवावा. झिंक (जस्ताचे औषध) 6 महिन्यांपर्यंतच्या बाळाला रोज 10 आणि त्याहून मोठ्या मुलाला 20 मिलिग्रॅम, असे 10 ते 14 दिवस, जुलाब थांबले तरी द्यायचे असते.

बाळ मलूल पडले, काही पिईनासे झाले, डोळे खोल गेले, लघवी फारच कमी झाली, उलट्या थांबत नसल्या किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर घरी वाट न पाहता त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. ही लक्षणे नुसती वाचून दाखवू नयेत. ‘घरी गेल्यावर आजीला हे कसे समजावून सांगाल?’ असे विचारून पालकांच्या तोंडून ती ऐकावीत. एखादे राहून गेले तर आपलेच सांगणे अपुरे पडले असे मानून ते नव्याने सांगावे. दिवसभर बाळाला सांभाळणारी व्यक्ती वेगळी असेल, तर पुढच्या भेटीत तिलाही बोलवावे आणि झिंकच्या उरलेल्या गोळ्या सोबत आणायला सांगाव्यात, म्हणजे औषध मध्येच सुटले का, हे त्या मोजून कळते.