बाथरूमच्या फॅनमधून पाणी टपकतंय? आधी अ‍ॅटिकमधला (छपराखालच्या माळ्यातला) पाइप बघा

जानेवारीत बाहेर उणे २० असताना फॅनच्या जाळीतून टपटप सुरू झालं की वाटतं छप्पर गळतंय. आम्हालाही तेच वाटलं, इथे कॅनडात ओंटारियोत पहिलाच हिवाळा स्वतःच्या घरातला, रूफवाल्याला बोलावलं तर तो वर जाऊन आला आणि म्हणाला छप्पर ठणठणीत आहे, हे तुमच्याच अंघोळीचं पाणी आहे.

चहाच्या झाकणाला आतून थेंब धरतात ना, तोच प्रकार. २१ डिग्री आणि ५० टक्के आर्द्रतेची हवासुद्धा १० डिग्रीच्या आसपास पाणी सोडते, अंघोळीची वाफ तर त्याहून ओली, आणि अ‍ॅटिक जवळजवळ बाहेरइतकंच गार, म्हणून फॅनची हवा बाहेर नेणाऱ्या तिथल्या पाइपमधे आतून पाणी धरतं.

वर गेलो तर फ्लेक्स पाइप (वाकणारा, घड्यांचा) दोन जॉइस्टच्या (छताच्या आडव्या लाकडी तुळयांच्या) मधे झोळीसारखा लोंबत होता, उचलला आणि मगभर तांबूस गार पाणी सरळ बाहीत. म्हणून पहिलं काम झोळ काढायचं, पाइप लागेल तेवढाच ठेवून ताणून बसवायचा आणि दर चारेक फुटांवर पट्टीने आधार द्यायचा. जमलं तर फ्लेक्स काढून गुळगुळीत पत्र्याचा पाइपच टाका, हवा जोरात जाते आणि पाणी साचायला जागा मिळत नाही.

साइडच्या भिंतीतून बाहेर काढत असाल तर बाहेरच्या बाजूला उतार द्या, फुटाला पाव इंच, म्हणजे थेंब धरले तरी बाहेर जातात. छपरातून काढला तर पाणी उलटं खालीच येणार, मग उभा भाग आखूड ठेवा आणि त्याच्यावर इन्सुलेशन जास्त चढवा. सॉफिटमधून (छपराच्या बाहेर आलेल्या कडेच्या खालच्या बाजूने) काढू नका, ओली हवा तिथल्याच भोकांतून परत आत ओढली जाते. आणि पाइप अ‍ॅटिकमधेच मोकळा सोडलेला असेल (असतो, खरंच असतो) तर बाकी सगळं सोडून आधी तो बाहेर काढा, नाहीतर छपराच्या प्लायवूडला बुरशी धरलीच म्हणून समजा.

पाइपवरचं इन्सुलेशन आर-८चं घ्या (आर म्हणजे उष्णता अडवायची ताकद) आणि आडवा भाग अ‍ॅटिकमधल्या कापसासारख्या इन्सुलेशनखाली गाडून टाका. सांधे फॉइल टेपने बंद करायचे, कापडी डक्ट टेप वाळून सुटते. पाइपच्या इन्सुलेशनवरचं प्लॅस्टिक पार फॅनच्या डब्यापर्यंत ओढून चिकटवायचं, तिथे फट राहिली तर ओली हवा आत शिरून सगळं इन्सुलेशन भिजवते. डबा आणि ड्रायवॉलमधली (छताच्या जिप्सम बोर्डामधली) फटही कॉकने (फटी बुजवायच्या पेस्टने) भरा.

पाय फक्त जॉइस्टवर ठेवा हां, नाहीतर खाली बेडरूममधे पाय निघेल. मास्क आणि पूर्ण बाह्या, फायबरग्लासची खाज दोन दिवस जात नाही.

अंघोळीनंतर फॅन २०-३० मिनिटं चालू राहिला पाहिजे, म्हणजे पाइप आतून वाळतो. पोरांना सांगून उपयोग नाही, टायमर स्विच लावा. आणि पहिली कडक थंडी पडली की वर जाऊन पाइपखाली हात फिरवा, ओलं लागलं तर टेप कुठेतरी सुटलीय.