सीएएचा अर्ज: कागद कोणते लागतात, घोडं कुठे अडतं

पाकिस्तान, बांगलादेश किंवा अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन, एवढ्यांनाच नागरिकत्व सुधारणा कायद्यातली (सीएए) भारतीय नागरिकत्वाची ही वाट खुली आहे. मुसलमान यात नाहीत, श्रीलंकेचे तमिळही नाहीत. कायद्यावरचा मुख्य आक्षेप तोच आणि तो बिनबुडाचा नाही. पण नागपूरच्या जरीपटक्यात वर्षानुवर्षं मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या सिंधी कुटुंबापुढचा प्रश्न आधी कागदांचा असतो.

केंद्राच्या सप्टेंबर २०२५ च्या आदेशामुळे एक घोळ वाढला आहे. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दलच्या कारवाईतून त्यात सूट आहे. ती सूट राहण्यापुरती. नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच आहे.

अर्ज केंद्राच्या पोर्टलवर भरायचा, शुल्क ५० रुपये. दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पहिली, तुम्ही त्या तीन देशांपैकी एकाचे आहात. यासाठी तिथला पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला, जमिनीचा किंवा भाडेकराराचा कागद चालतो. आई-वडील, आजोबा, पणजोबा तिथले नागरिक होते असं दाखवणारा कागदही चालतो. मुदत संपलेला पासपोर्ट फेकू नका, तो ग्राह्य आहे. दुसरी गोष्ट, तुम्ही २०१४ संपण्याआधी इथे आलात. प्रवेशाचा शिक्का असलेला व्हिसा सर्वांत बळकट. तो नसेल तर रेशनकार्ड, वीजबिल, पॅन, विमा पॉलिसी, पोस्टाचं खातं, मुलाचा शाळेचा दाखला. कागद भारतातला हवा आणि त्यावरची तारीख ३१ डिसेंबर २०१४ च्या पुढची नको. २०१६ चं आधार इथे काही सिद्ध करत नाही.

सगळ्यात जास्त दमवतात ती नावं. उर्दूतून इंग्रजीत आणि तिथून देवनागरीत येईपर्यंत एकाच माणसाची तीन स्पेलिंगं झालेली असतात. अर्ज भरण्याआधी सगळे कागद एका ओळीत मांडा, नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख ताडून पाहा आणि फरक असेल तर ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करून घ्या.

देशीयकरणाच्या, म्हणजे इथल्या रहिवासाच्या आधारे नागरिकत्व मागण्याच्या अर्जाला (नमुना ८अ) अकराऐवजी पाच वर्षांचा रहिवास पुरतो, पण अर्जाच्या लगतचे बारा महिने सलग भारतात राहिलेलं हवं. चारित्र्याची ग्वाही देणारं भारतीय नागरिकाचं प्रतिज्ञापत्र जोडा. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा बोलता, वाचता किंवा लिहिता आली की भाषेची अट पूर्ण होते, मराठी चालते. मूळ देशाचं नागरिकत्व सोडल्याची घोषणा अर्जातच असते.

मुलं इथे जन्मली म्हणून आपोआप भारतीय होत नाहीत. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाच्या आई-वडिलांपैकी एक जरी बेकायदा स्थलांतरित असेल तरी जन्माने नागरिकत्व मिळत नाही. अल्पवयीन मुलांचा अर्ज (नमुना ४अ) आई-वडिलांना प्रमाणपत्र मिळाल्यावर भरा.

अर्ज गेला की पोचपावती निघते. पुढे जिल्हास्तरीय समिती मूळ कागद तपासून निष्ठेची शपथ देते. तिचे प्रमुख टपाल खात्याचे अधीक्षक असतात, जिल्हाधिकारी नव्हे; राज्याला डावलल्याची तक्रार इथूनच निघते. बोलावल्यावर स्वतः जावं लागतं, वारंवार गैरहजर राहिलात तर अर्ज नामंजुरीकडे जातो. अंतिम निर्णय जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालची अधिकारप्राप्त समिती घेते.

बांगलादेशातून कागदांशिवाय आलेल्यांची भीती वेगळी, आणि खरी आहे: अर्जात ‘मी तिथून आलो’ हे स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागतं. बेकायदा स्थलांतराचा खटला रद्द होतो तो नागरिकत्व मिळाल्यावर, अर्ज करताच नव्हे. अर्ज प्रलंबित असताना आधीचे हक्क काढून घेता येत नाहीत, एवढं संरक्षण आहे. पुरावा लंगडा असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय ‘सबमिट’ दाबू नका.

मंजुरी मिळाली की प्रवेशाच्या दिवसापासून तुम्ही नागरिक मानले जाता. मतदार यादीत नाव मात्र आपोआप येत नाही, त्यासाठी प्रमाणपत्र हाती आल्यावर नमुना ६ वेगळा भरा.