जुना कम्प्युटर गेम आजच्या मशीनवर पुन्हा कसा खेळावा

जुना गेम पुन्हा खेळावासा वाटतो, आपण तो हुडकून काढतो, सुरू करतो आणि पंधरा मिनिटांत बंद करतो. ‘यात आपल्याला एवढं काय आवडायचं?’ असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा आठवण खोटी नसते आणि गेमही वाईट नसतो. चित्र पसरट दिसत असतं, वेग भलताच असतो, संगीत वाजत नसतं आणि गेमसोबत यायची ती पुस्तिका जवळ नसते. तो गेम ज्या मर्यादा गृहीत धरून बनवला होता, त्या परत उभ्या केल्या की आजही तो तितकाच गुंतवतो. हे काम एका संध्याकाळी होण्यासारखं आहे.

१. नेमकं काय हवंय ते आधी ठरवा

‘जुने गेम खेळायचेत’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला वेगळं काही हवं असतं. कोणाला तोच गेम हवा असतो. कोणाला शेजारच्या खुर्चीवर बसून ‘आता माझी पाळी’ म्हणणारा माणूस हवा असतो. तसं असेल तर एकट्याने खेळायचा गेम कितीही नीट चालवला तरी समाधान होणार नाही. ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ (१९९९) सारखा एकाच कम्प्युटरवर आळीपाळीने खेळता येणारा गेम निवडा.

आणि बऱ्याच जणांना हवा असतो संपणारा गेम. गेमिंगमधला सगळ्यात मोठा बदल मला ग्राफिक्सचा वाटत नाही, तो इथे झालाय. पूर्वी गेम डिस्कवर पूर्ण होऊन यायचा. त्यातल्या चुकाही कायमच्या असायच्या, पण तो तुमचा असायचा. आजचे कित्येक गेम म्हणजे चालू सेवा आहेत: दर काही आठवड्यांनी नवा सीझन, रोज हजेरी लावल्याबद्दल बक्षीस, आत वेगळं दुकान, आणि हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून. ‘द क्रू’ हा २०१४ चा रेसिंग गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाल्यावर पैसे मोजून घेतलेल्यांनाही खेळता येईनासा झाला. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही ग्राहकांची मोहीम उभी राहिली: सर्व्हर बंद केले तरी विकलेला गेम खेळता येईल असा ठेवा, ही तिची मागणी. मला ही मागणी अगदी रास्त वाटते.

नव्याचं सगळंच वाईट आहे असंही नाही. रंग नीट ओळखू न येणाऱ्यांसाठी वेगळे रंग, संवाद वाचता येण्याची सोय, हव्या त्या बटणावर हवं ते काम नेमण्याची मुभा, हे पूर्वी क्वचितच मिळायचं. अवघड जागी अडकलेल्याला गेम आज हात देतो, पूर्वी तसाच टांगून ठेवायचा.

२. एकच गेम निवडा आणि तो सरळ मार्गाने मिळवा

शंभर गेमचा गठ्ठा एकदम उतरवू नका. प्रत्येक गेम दोन मिनिटं उघडून पाहिला जातो आणि एकही खेळला जात नाही. ज्याची चाल, आवाज, एखादी खोली अजून डोळ्यांसमोर येते, असा एकच घ्या.

दुकानात मिळत नाही म्हणून गेम फुकट झाला, असं कायद्यात नसतं. कॉपीराइट तसाच राहतो. पण सरळ मार्गही पुष्कळ आहेत. २००८ मध्ये ‘गुड ओल्ड गेम्स’ नावाने सुरू झालेलं गॉग हे ऑनलाइन दुकान जुने गेम नव्या विंडोजवर चालतील असे तयार करून विकतं, कॉपी-लॉक (नक्कल रोखणारं कुलूप) लावत नाही आणि बहुतेक वेळा मूळ पुस्तिकाही सोबत देतं. स्टीम या ऑनलाइन दुकानातही बरेच जुने गेम आहेत. काही गेम तर मालकांनीच मोफत केलेत: ‘बिनीथ अ स्टील स्काय’ (१९९४) आणि ‘फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन’ हे दोन्ही स्कमव्हीएम या मोफत प्रोग्रामच्या साइटवर मिळतात (त्याच्याबद्दल पुढे). ‘डूम’चा (१९९३) पहिला भाग सुरुवातीपासूनच फुकट वाटण्यासाठी होता.

तुमचा गेम यांत कुठेच सापडला नाही तर नवल नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज विकत मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत दिसलं. म्हणून घरात जुनी सीडी किंवा फ्लॉपी असेल तर तिला हात लावण्याआधी तिची पूर्ण इमेज फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत असलेली एक फाइल, बनवून घ्या. गेममधल्या मूळ फाइल तुमच्याकडे असणं पुढे कामाला येतं.

३. गेमच्या काळाप्रमाणे प्रोग्राम निवडा

डॉसच्या, म्हणजे विंडोजआधी पीसीवर असलेल्या, आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रणालीच्या काळातला गेम असेल तर डॉसबॉक्स. आजचं ६४-बिट विंडोज त्या काळातले १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही, त्यामुळे थेट क्लिक करून काही होत नाही. डॉसबॉक्स तुमच्या कम्प्युटरच्या आत एक जुना कम्प्युटर उभा करतो. प्रोसेसर, साउंड कार्ड, सगळं सॉफ्टवेअरमध्ये. तो मोफत आहे. त्याची ‘डॉसबॉक्स स्टेजिंग’ ही नवी आवृत्ती सुरुवातीलाच बरीच नीट बसवलेली येते, नवख्याने तीच घ्यावी. आज्ञा टाइप करायच्या नसतील तर विंडोजवर गेमची मुख्य फाइल ओढून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर सोडा, गेम सुरू होतो.

माउसने क्लिक करत गोष्ट पुढे न्यायचे साहसी गेम असतील तर स्कमव्हीएम. हा २००१ पासूनचा प्रकल्प मूळ प्रोग्रामला बाजूला ठेवतो आणि फक्त चित्रं, संवाद, संगीताच्या फाइल वाचून गेम स्वतः चालवतो. त्यामुळे तोच गेम विंडोज, मॅक, लिनक्स, मोबाइल, सगळीकडे चालतो.

काही गेमचं नशीब त्याहून चांगलं. ‘डूम’चा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये खुला केला, म्हणून त्याच्या डझनावारी नव्या आवृत्त्या निघाल्या. जुन्याचा अनुभव जसाच्या तसा हवा असेल तर ‘चॉकलेट डूम’ घ्या, आजच्या सोयी हव्या असतील तर ‘जीझेडडूम’. ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ (१९९४) आवडत असेल तर ‘ओपन टीटीडी’, ‘रोलरकोस्टर टायकून २’ आवडत असेल तर ‘ओपन आरसीटी२’.

विंडोज ९५ ते एक्सपीच्या काळातले सीडीवरचे गेम सगळ्यात त्रासदायक. त्यातल्या कित्येकांवर असलेल्या सेफडिस्क नावाच्या कॉपी-लॉकला विंडोज १० चालूच देत नाही, त्यामुळे अस्सल सीडी असूनही गेम उघडत नाही. तिथे वेळ घालवू नका. गॉगवर किंवा नव्या रूपात तो मिळतोय का ते बघा. ब्राउझरमध्ये खेळायचे फ्लॅश गेम आठवत असतील, तर फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झालं, पण ‘फ्लॅशपॉइंट’ या प्रकल्पाने त्यातले असंख्य गेम जपून ठेवलेत.

४. चित्र, वेग आणि आवाज बसवा

इथेच खरी मजा परत येते, आणि इथेच बहुतेक जण कंटाळा करतात.

चित्राचं असं: डॉसचे बरेच गेम ३२० बाय २०० ठिपक्यांचे होते, पण त्या काळचा मॉनिटर ४:३ आकाराचा. म्हणजे प्रत्येक ठिपका पडद्यावर रुंदीपेक्षा थोडा उंच दिसायचा. चित्रकाराने तो मॉनिटर समोर ठेवून चित्रं काढली होती. आजच्या पडद्यावर तेच ठिपके चौकोनी दाखवले की माणसं बुटकी आणि गोल वस्तू चपट्या दिसतात. उंची एक पंचमांशाने वाढवली की सगळं जागेवर येतं. डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘ॲस्पेक्ट’ चालू करा, स्कमव्हीएममध्ये ‘ॲस्पेक्ट रेशो करेक्शन’वर खूण करा. बाजूला काळे पट्टे राहतील, राहू द्या. पडदा भरून काढायचा मोह टाळा. जुन्या ट्यूबच्या मॉनिटरचा भास देणारे सीआरटी फिल्टर असतील तर एकदा लावून बघा. टोकदार ठिपके मऊ होतात आणि रंगांच्या छटा एकमेकींत मिसळतात, मूळ चित्र तसंच दिसायचं.

वेग: आयबीएमच्या पहिल्या पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि त्या काळातले काही गेम घड्याळ न बघता प्रोसेसरच्या गतीनेच पळायचे. मशीन बदललं की गेम सुसाट. जुन्या कम्प्युटरवरचं टर्बो बटण त्याचसाठी होतं; ते वापरून मशीन मुद्दाम हळू करता यायचं. डॉसबॉक्समध्ये हे काम ‘सायकल्स’, म्हणजे नकली प्रोसेसरची गती ठरवणारा आकडा, करतो. कंट्रोल धरून एफ ११ दाबलं की वेग कमी होतो, एफ १२ ने वाढतो. आकडा शोधत बसू नका. पात्राला चालवत ठेवा आणि पावलांचा ताल ओळखीचा वाटेपर्यंत थोडं थोडं बदला. हातांना तो ताल पक्का आठवत असतो.

आवाज: गेमच्या फोल्डरमध्ये ‘सेटअप’ किंवा ‘सेटसाउंड’ नावाची फाइल असते. ती चालवून साउंड ब्लास्टर हे त्या काळचं साउंड कार्ड निवडा. कार्डाचे आकडे विचारले तर: पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. डॉसबॉक्स हेच आकडे धरून चालतो. पीसी स्पीकरवर राहिलात तर फक्त पीं-पीं ऐकू येईल आणि अर्धा गेम हरवेल.

५. पुस्तिका आधी वाचा

आजचा गेम खेळता खेळता शिकवतो. जुन्या गेमची शिकवणी छापील पुस्तिकेत असायची, कथाही तिथेच, आणि कधी कधी कुलूपसुद्धा. डॉसवरच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्ये पहिली लेव्हल संपली की अक्षरं लिहिलेल्या बाटल्यांची खोली येते, पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर तीच प्यायची, चुकीची प्यायलात तर मेलात. पुस्तिका नसलेला माणूस तिथेच अडकतो आणि गेमला नावं ठेवतो. दहा मिनिटं देऊन ती वाचा. नकाशा काढायला कागद-पेन्सिलही जवळ घ्या. पडद्याच्या कोपऱ्यात छोटा नकाशा त्या काळी सहसा नसायचा.

६. आता त्याच्या नियमाने खेळा

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चंच उदाहरण पुढे नेतो. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये ॲपल टू या कम्प्युटरसाठी तो बनवला. आपल्या भावाला पळताना, उड्या मारताना चित्रित करून त्यांनी राजपुत्राच्या हालचाली एकेक चौकट पाहत काढल्या. म्हणून तो बटण दाबताक्षणी पळत सुटत नाही. अंग सावरतो, वेग घेतो, थांबतानाही घसरतो. आजच्या गेमची सवय असलेल्याला हे सुरुवातीला जड वाटतं. शिफ्ट धरून बाण दाबा, म्हणजे तो एकेक पाऊल जपून टाकतो आणि कड्याच्या अगदी टोकाला येऊन थांबतो. तिथून उडी घेतली की पलीकडचा कठडा हाताला लागतो, तोही शिफ्ट धरलेलं असेल तरच.

पूर्ण गेमला साठ मिनिटं. मेलात की लेव्हल पहिल्यापासून, पण घड्याळ मागे जात नाही. याच नियमामुळे तिसऱ्यांदा त्याच खोलीत शिरताना तुम्ही कोणती फरशी हलते ते पाठ केलेलं असतं. ‘एसडीएलपॉप’ या नव्या आवृत्तीत एफ ६ ने कुठेही सेव्ह करता येतं आणि एफ ९ ने परत तिथे जाता येतं. पहिले काही दिवस या दोन बटणांना हात लावू नका. दर दहा पावलांवर सेव्ह केलं की चुकीची भीती जाते, आणि त्या भीतीवरच गेम उभा आहे.

मात्र हा नियम आंधळेपणाने पाळू नका. सिएरा कंपनीच्या कित्येक साहसी गेममध्ये सुरुवातीला एखादी वस्तू उचलायची राहिली की पुढे कितीही डोकं लावा, गेम पूर्ण होऊच शकत नाही, आणि तसं तो सांगतही नाही. तिथे वेगवेगळ्या नावांनी भरपूर सेव्ह ठेवा आणि खुशाल मार्गदर्शिका उघडा. हा निव्वळ छळ होता, त्यात गोडवा शोधायची गरज नाही.

बसण्याची वेळ ठरवून घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. जुना गेम तुम्हाला सूचना पाठवून परत बोलावत नाही. तुम्ही मधेच उठलात तर तो तिथेच राहतो.

७. चालला की लगेच प्रत काढा

सगळं मनासारखं बसलं की गेमचं फोल्डर, डॉसबॉक्सची सेटिंग फाइल, पुस्तिका आणि डिस्कची इमेज असा सगळा संच एका फोल्डरमध्ये ठेवा. प्रोग्रामची कोणती आवृत्ती वापरली आणि सायकल्स किती ठेवल्या हे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा. या संचाच्या दोन प्रती करा, त्यातली एक या कम्प्युटरबाहेर ठेवा. डॉसचे गेम आकाराने इतके लहान असतात की जागेचा प्रश्नच येत नाही. सेव्ह फाइलही बहुधा गेमच्याच फोल्डरमध्ये असतात, तेव्हा प्रत काढताना त्या सोबत आल्यात ना, हे उघडून बघा.