साडेपाच तासांचा घोळ: डेटाबेसमध्ये वेळ साठवताना या चुका टाळा

ऑर्डर आली १ एप्रिलला, रात्री १२ वाजून १० मिनिटांनी. रिपोर्टात मात्र ती ३१ मार्चला दिसली, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात. अकाउंट्सवाल्यांचा फोन यायचा तो आलाच. डेटाबेसात ३१ मार्च, १८:४० अशी नोंद होती आणि यूटीसीच्या, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेच्या, हिशोबाने ती अगदी बरोबर होती. चूक क्वेरीची, म्हणजे डेटाबेसातून माहिती काढणाऱ्या आज्ञेची. तिने वेळ भारतीय टाइमझोनमध्ये न आणताच तारखेनुसार बेरीज केली. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या पट्ट्यातच हा बग दिसतो, आणि त्या वेळी टेस्टिंग करायला कोण जागं असतं?

वेळ चुकली की कोडमध्ये साडेपाच तास मिळवून मोकळं व्हायचा मोह होतो. तो आवरा. आधी फरक किती आणि कुठल्या बाजूला, ते मोजा.

साडेपाच तास मागे दिसतंय? यूटीसीतून रूपांतर राहिलंय. साडेपाच तास पुढे? भारतीय वेळच यूटीसी समजून साठवली गेली आणि दाखवताना परत साडेपाच तास मिळवले. बरोबर अकरा तास मागे असेल, तर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये कुणी टाइमझोन 'यूटीसी+५:३०' असा लिहिलाय का बघा. ही पॉझिक्सची, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या प्रमाणाची, पद्धत. तिथे अधिक म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला! आणि साडेतीन तास पुढे असेल तर वेळ साठवताना भारतीय वेळेसाठी 'आयएसटी' हे संक्षिप्त रूप वापरलंय. सर्व्हर यूटीसीवर असताना पोस्टग्रेसची डीफॉल्ट सेटिंग त्याचा अर्थ इस्रायलची वेळ असा घेते. 'एशिया/कोलकाता' असं पूर्ण नाव लिहा, दोन्ही भानगडी मिटतात.

मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये गोंधळ कॉलमच्या प्रकारात असतो. टाइमस्टॅम्प सेशनच्या (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीच्या) टाइमझोननुसार यूटीसीत जातो आणि तसाच परत येतो. डेटटाइम दिलं तसं ठेवतो. शंका असेल तर सेशनचा टाइमझोन एकदा '+००:००' आणि एकदा '+०५:३०' करून तीच ओळ वाचा. आकडा बदलला तर टाइमस्टॅम्प. टाइमझोन बदलणारं कन्व्हर्ट-टीझेड फंक्शन नल (रिकामं उत्तर) देत असेल तर बहुधा टाइमझोनची टेबलं भरलेलीच नाहीत.

जन्मतारखेला टाइमझोन लावूच नका. १५ ऑगस्टची मध्यरात्र यूटीसीत १४ ऑगस्ट, १८:३० होते आणि पोराचा वाढदिवस एक दिवस आधी येतो. तिथे साधा डेट कॉलम पुरे.

पुढच्या तारखांच्या मीटिंग्जना मात्र नुसतं यूटीसी पुरत नाही. न्यूयॉर्कची सकाळी नऊची मीटिंग हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, उन्हाळ्यात साडेसहाला. तिथली स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव, दोन्ही साठवा.

जुना डेटा दुरुस्त करताना सगळ्या ओळींवर एकदम अपडेट चालवू नका. कुठल्या डिप्लॉयपासून (नवा कोड सर्व्हरवर चढवल्यापासून) बिघडलं ते शोधा. त्याआधीच्या ओळी बहुतेक बरोबरच असतात.