लॅपटॉपचा प्रोसेसर निवडताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दुकानांत लॅपटॉपची चौकशी वाढते आणि बहुतेक पालक पहिला प्रश्न विचारतात तो "आय५ आहे ना?" हाच. पैसे वाया जाण्याची सुरुवात येथूनच होते, कारण इंटेलचा आय५ किंवा एएमडीचा रायझन ५ हे केवळ मालिकेचे नाव असून प्रोसेसरची खरी ओळख त्यापुढच्या आकड्यांत आणि शेवटच्या अक्षरात असते. २०१६ सालच्या आय७-७५००यू मध्ये दोनच कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आहेत, तर २०२२ च्या आय३-१२१५यू मध्ये सहा. तरीही जुना आय७ 'रिफर्बिश्ड', म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला, म्हणून आजही खपतो. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा अवश्य पाहावा, कारण तो आतल्या रचनेची पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये झेन २ रचनेचे चार कोअर आहेत, तर ७५३०यू मध्ये झेन ३ चे सहा. किमतीत थोडाच फरक असेल, तर दुसरा घेणे निश्चितच शहाणपणाचे.

केवळ कोअर मोजणे ही दुसरी चूक. आय५-१२३५यू चे दहा कोअर ऐकायला मोठे वाटतात, परंतु त्यांतले वेगवान दोनच असून उरलेले आठ वीज वाचवणारे आहेत. आय५-१२४५०एच मध्ये एकूण आठ असले तरी चार वेगवान आहेत. 'यू' प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा साधारण १५ वॅट आणि 'एच'ची ४५ वॅट असते, म्हणून व्हिडिओ एडिटिंगसारखे तासन्‌तास चालणारे काम 'एच'वर लवकर उरकते. टॅली, ऑनलाइन अर्ज आणि अभ्यास एवढेच काम असेल, तर आय३-१२१५यू पुरेसा आहे. वाचलेले पैसे १६ जीबी रॅमवर खर्च करावेत.

खानदेशात मात्र उष्णतेचा विचार टाळून चालत नाही. अनेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी तयार केलेले असतात आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो. प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, त्यामुळे अतिशय पातळ लॅपटॉपमधला महागडा 'एच' प्रोसेसर दुपारच्या वेळी आपली पूर्ण ताकद दाखवू शकत नाही.

लॅपटॉप मंदावल्यास आधी चार्जर लावून पॉवर मोड तपासावा. मग जड काम चालू असतानाच टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स उघडावे; तेथे सीपीयूचा वेग 'बेस स्पीड'च्या खाली उतरलेला दिसला, तर उष्णतेचा संशय घ्यावा. गादीवर ठेवून वापरणे थांबवावे आणि पंख्यात अडकलेली धूळ साफ करून घ्यावी. जिनिंगच्या परिसरात त्यात कापसाचे तंतूही असतात. वेग ठीक असून रॅम भरलेली असेल, तर परफॉर्मन्समधीलच मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' पाहावे. तेथे दोनपैकी एकच स्लॉट वापरात दिसला, तर दुसरी रॅम बसवून घ्यावी. त्याने ग्राफिक्सही सुधारतात. प्रोसेसर बहुतेक लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरच पक्का बसवलेला असल्याने तो नंतर बदलता येत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी, दुकानातच, सेटिंग्जमधील 'अबाउट' उघडून पूर्ण क्रमांक बिलाशी ताडून घ्यावा.