संख्येनंतरच्या नामाला विभक्ती कशी लावावी

मराठीत संख्यावाचक शब्दामागून येणाऱ्या नामाला प्रत्यय लावताना आधी त्याचे वचन ठरवावे, मग सामान्यरूप (प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे होणारे बदललेले रूप) करावे. ‘दोन दिवस’ हे अनेकवचन असल्यामुळे ‘दोन दिवसांत’ असे लिहावे. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखन नियमांनुसार अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार आवश्यक आहे, आणि मुंबईतल्या दुकानांवरच्या पाट्यांत नेमका तोच गळलेला दिसतो. ‘१० रुपयात’ नव्हे, ‘१० रुपयांत’: आकड्यात लिहिल्याने नियम बदलत नाही.

अपूर्णांकांपाशी विशेष सावध राहावे. पाऊण, सव्वा (एक) आणि दीड यांच्यापुढे नाम एकवचनी राहते, म्हणून कल्याणची गाडी ‘दीड तासात’ पोहोचते, अनुस्वाराविना. अडीचपासून मात्र अनेकवचन सुरू होते, म्हणून ‘अडीच तासांत’.

संख्यावाचक शब्दांपैकी ‘एक’ स्वतः बदलतो: ‘एका मुलाने’, ‘एका गाडीत’. दोन, तीन, चार नामाआधी तसेच राहतात. माणसांचा उल्लेख नामाविना करायचा असेल, तर ‘दोघांनी’, ‘तिघांना’, ‘चौघांचा’ ही रूपे वापरावीत. ‘तीनना विचारले’ हे कानालाही खटकते.

संख्या ही केवळ ओळख असेल, तर ती बदलत नाही. ‘फलाट क्रमांक एकवर’ म्हणजे ठरावीक फलाट, तर ‘एका फलाटावर’ म्हणजे कुठल्यातरी. दादरसारख्या स्थानकात गाडी पकडणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा आहे. क्रमवाचक शब्द मात्र विशेषणांप्रमाणे चालतात: दुसरा डबा, दुसऱ्या डब्यात.